न लिहिलेली ओळ

त्या रुग्णालयाच्या संगणक विभागात तिला सगळे ताई म्हणत. विभागाचे साहेब तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे, पण तेही ताईच म्हणत. चौदा वर्षं ती तिथले सर्व्हर सांभाळत होती. तळमजल्यावरच्या गार खोलीत, काचेच्या दाराआड, कपाटाएवढ्या सांगाड्यात बसवलेली ती यंत्रं दिवसरात्र घरघरत असत आणि वरच्या पाच मजल्यांवरचे सगळे संगणक त्यांच्याच जिवावर चालत. झाडून सगळे सर्व्हर विंडोजवर, सगळे पासवर्ड ताईकडे. कुठे काही अडलं की 'ताईला विचारा' एवढ्यावर विषय संपायचा.

पंधराव्या वर्षी तिथे चिमणी आली. तिला आणली ताईनंच.

चिमणी म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची बायको. अंगानं बारीक, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. लग्नानंतर आठवड्याभरात आईनं तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. शिकली होती लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी विंडोजसारखीच दुसरी एक प्रणाली. आधीची कंपनी बंद पडल्यावर चार महिने घरात बसून होती, तेव्हा ताईनंच साहेबांपाशी शब्द टाकला. "आमची भावजय आहे, हुशार आहे. बघा, जमतंय का." त्या दिवशी ताईला स्वतःच्या मोठ्या मनाचं फार कौतुक वाटलं होतं.

सहा महिन्यांत ते कौतुक पार आटलं.

आधी बारीकसारीक गोष्टी झाल्या. औषधांच्या खिडकीवरचा प्रिंटर चिमणीनं फोनवरच सुरू करून दिला, तर तिथली माणसं पुढच्या वेळी थेट तिलाच फोन करायला लागली. मग रोजच्या डेटाची प्रत काढायचं काम, जे इतकी वर्षं सकाळी सुरू करून दुपारी संपायचं, ते चिमणीनं दहाबारा ओळींचा काहीतरी मजकूर लिहून चाळीस मिनिटांवर आणलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, हे आपल्याला आधी का सुचलं नाही हो?" म्हणाले 'आपल्याला', पण बघितलं फक्त ताईकडे.

ताई हसली. संध्याकाळी घरी जाऊन तिनं भांडी अशी आपटली की नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "आज कुणाचा नंबर लागला?"

घरचं दुखणं तर याहून कठीण होतं. आई भावाकडे राहायची. दर रविवारी ताई तिला भेटायला जायची आणि दर रविवारी तेच ऐकून यायची. चिमणीनं फोनमधली अक्षरं मोठी करून दिली. चिमणीनं जुने सगळे फोटो शोधून दिले. चिमणीनं डॉक्टरांशी नीट बोलून गोळी बदलून आणली. "तिच्या हाताला गुण आहे बघ," आई म्हणायची. गेली बारा वर्षं आईचा फोन, आईची औषधं, आईचे कागद ताईच बघत आली होती. पण त्याला कधी कुणी गुण म्हटलं नव्हतं. मुलगीच ती, करणारच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते ताईला आता रविवार-रविवार अनुभवाला येत होतं.

आणि गंमत अशी, की चिमणीबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. ती उद्धट असती, आळशी असती, निदान कामाचं श्रेय लाटणारी असती, तर ताईला किती बरं वाटलं असतं! पण ती ताईला 'तुम्ही'शिवाय बोलत नसे, आणि साहेबांनी वाहवा केली की न चुकता म्हणे, "ताईंनी आधी सगळं नीट लावून ठेवलं होतं म्हणून जमलं." त्यानं तर ताईच्या अंगाचा आणखीच तिळपापड होई.

अशात रुग्णनोंदीचं नवं सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक रुग्णाच्या तपासण्या, औषधं, वजन, मागच्या खेपेचे आकडे, सगळं एका जागी. मोठं काम होतं, आणि ते विंडोजवरही चालत होतं, लिनक्सवरही. कशावर बसवायचं यावरून बैठकीत दोघींचं एकमत होईना. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोघी बसवा," ते म्हणाले. "ताई, तुम्ही विंडोजवर, हाडांच्या वॉर्डासाठी. चिमणीबाई, तुम्ही लिनक्सवर, डायलिसिसच्या वॉर्डासाठी. तीन आठवडे चालवू. जे बरं चालेल ते सगळ्या रुग्णालयाला. आणि एकमेकींच्या सर्व्हरवर बघण्यापुरता प्रवेश ठेवा. उद्या एक आजारी पडली तर दुसरीला निदान काय कुठे आहे ते माहीत हवं."

ताईनं जीव ओतला. सोमवारी सकाळी सर्व्हर कोरा करून विंडोज चढवलं, त्याची सगळी अपडेट्स घालून घेतली. सॉफ्टवेअरसाठी वेगळं खातं काढलं आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार दिले, एक जास्त नाही. डेटाबेस वेगळ्या डिस्कवर. फायरवॉलमध्ये मोजून दोन दारं, म्हणजे पोर्ट, उघडी. मग ते इन्स्टॉलरचे 'पुढे, पुढे, पुढे'. नवखा माणूस ते डोळे मिटून दाबतो; ताई प्रत्येक पान वाचत होती. मध्येच एक घटक सापडत नाही म्हणून इन्स्टॉलेशन अडलं. तो शोधून घातला, सर्व्हर पुन्हा सुरू केला, पुन्हा पहिल्यापासून. मंगळवारी दुपारी चारला हाडांच्या वॉर्डात पहिल्या रुग्णाची नोंद झाली. दोन दिवस. चांगलं काम होतं आणि ते चांगलं आहे हे तिला ठाऊक होतं.

चिमणीचं सोमवारी संध्याकाळीच उरकलं होतं. काळ्या पडद्यावर खटाखट आज्ञा टाइप करत, मधे डबासुद्धा निवांत खात, पाच वाजता तिनं पर्स खांद्याला लावली. "ताई, माझं झालं. तुम्हाला काही मदत करू?"

"नको," ताई म्हणाली. "माझं व्यवस्थित चाललंय."

बुधवारी सकाळी चिमणी डायलिसिसच्या वॉर्डात सिस्टरांना शिकवायला गेली होती. खोलीत ताई एकटीच. तिनं साहेबांनी दिलेला तो बघण्यापुरता प्रवेश वापरून चिमणीच्या सर्व्हरवर पाऊल टाकलं. कारण विचारलं असतं तर तिनं 'माहिती असावी म्हणून' असं सांगितलं असतं. खरं कारण एकच होतं. कुठेतरी खोट सापडावी.

लिनक्स ताईला येत नाही असा सगळ्यांचा समज होता आणि तिनं तो कधी खोडला नव्हता. प्रत्यक्षात गेले पाच महिने ती घरी, नवरा टीव्ही बघत असताना, गुपचूप शिकत होती. आता ती एकेक फाइल उघडून बघू लागली. खातं बरोबर. अधिकार बरोबर. पोर्ट बरोबर. सर्व्हर सुरू झाला की सॉफ्टवेअर आपोआप सुरू व्हायची सोय, तीही बरोबर. सगळं इतकं लख्ख, की ताईला चीड यायला लागली.

आणि मग तिला ती दिसली. म्हणजे दिसली नाही.

रुग्णांचा सगळा डेटा एका मोठ्या वेगळ्या डिस्कवर जात होता. अशी डिस्क लिनक्समध्ये हातानं जोडता येते आणि जोडली की चालते. पण सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ती आपोआप जोडली जावी म्हणून एका ठरलेल्या फाइलमध्ये तिच्या नावाची एक ओळ लिहून ठेवावी लागते. चिमणीनं डिस्क जोडली होती. ओळ लिहिली नव्हती. विसरली असणार, मधेच कुणाचा तरी फोन आला असेल.

ताईनं फाइल दोनदा वाचली. ओळ नव्हती. आज सगळं सुरळीत होतं, उद्याही असेल. पण ज्या दिवशी सर्व्हर बंद होऊन चालू होईल, त्या दिवशी सॉफ्टवेअरला डिस्कच्या जागी रिकामं खोकं सापडेल.

आणि शुक्रवारी पहाटे वीजखात्याची माणसं नवा बोर्ड बसवायला येणार होती. सहा ते सात सगळं बंद. तसं पत्रक भिंतीवरच लावलेलं होतं.

ताईला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोटातून वर आलेला, गरम, चांगला आनंद. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. मग लगेच मनात आलं, सांगायला हवं. चिमणी दुपारी आली की सांगू.

दुपारी चिमणी आली ती हसतच आली. "ताई, सिस्टर इतक्या खूश आहेत! म्हणाल्या, कागदाच्या फाइली आजपासून बंदच करतो. मी म्हटलं, अहो थोडे दिवस ठेवा, तर ऐकायला तयार नाहीत."

"अरे वा," ताई म्हणाली. आणि तेवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. यंत्रांचं त्याला पटकन कळे.

"मग तिला बोललीस का?"

"सांगेन उद्या."

"उद्या कशाला? फोन आहे की."

"तिची चूक आहे, तिनं शोधावी. मी काय तिची शिकवणी घेतलीय?"

नवऱ्यानं ताट पुढे ओढलं. "आमच्याकडे एखाद्याला दोर झिजलेला दिसला आणि तो गप्प बसला, तर त्याला आम्ही परत शाफ्टजवळ येऊ देत नाही," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

गुरुवारी ताई सांगणार होती. सकाळी चिमणी वॉर्डात होती. दुपारी साहेब चिमणीच्या टेबलाशी उभे राहून हसत होते. संध्याकाळी आईचा फोन आला: "अगं, चिमणीनं माझ्या फोनवर असं काही केलंय की गोळीच्या वेळेला घंटाच वाजते! तुला नाही का गं येत असलं?" ताईनं फोन ठेवला, पर्स उचलली आणि घरी गेली.

शुक्रवारी सहा वाजता वीज गेली आणि सातला आली. सर्व्हर एकामागून एक जागे झाले. चिमणीनं घरूनच बघितलं, पान उघडतंय, हिरवा दिवा आहे. ती निश्चिंत झाली आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत, तळघरात, नव्या तारा तपासायला निघून गेली. त्या तळघरात फोन लागत नसे.

सव्वाआठला डायलिसिसच्या वॉर्डातून फोन वाजला. ताईनं उचलला.

"ताई, यादीत एकही रुग्ण नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "सगळं कोरं! आधी होते ते गेले कुठे? माझी सात माणसं ताटकळून बसलीयेत इथे."

ताई वर गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकांवर माणसं होती. कुणाबरोबर मुलगी, कुणाबरोबर बायको, एक आजोबा एकटेच. त्यांचे पाय सुजून बुटात मावत नव्हते, म्हणून बूट काढून शेजारी जोडून ठेवलेले, आणि श्वास घेताना ते दर वेळी खांदे वर उचलत होते. तीन दिवसांचं पाणी अंगात साठलं होतं. आत यंत्रं तयार होती, पण कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, रक्त पातळ करायचं औषध कुणाला किती, मागच्या खेपेचं वजन काय, ते सगळे आकडे त्या कोऱ्या पडद्याआड होते. कागद बुधवारीच बंद झाले होते, जुन्या फाइलीही नोंदी चढवून बाहेरच्या गोदामात गेल्या होत्या.

"अंदाजानं नाही हो लावता येत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मी डॉक्टरांना बोलावलंय, पुन्हा सगळ्यांची वजनं करतेय. पण वेळ जाणार. ताई, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

ताईला काय झालंय ते अक्षर न् अक्षर माहीत होतं. डेटा सुखरूप आहे, डिस्क जोडलेली नाही, दोन आज्ञांचं काम. तिच्याकडे फक्त बघण्याचे अधिकार होते, तिला स्वतःला ते करता येणार नव्हतं; पण बदलाचा पासवर्ड साहेबांच्या कपाटात बंद पाकिटात होता, आणि ती बोलली असती तर साहेबांनी ते पाकीट तिथल्या तिथे फोडलं असतं. मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला इतक्या चटकन कसं कळलं?

"मला लिनक्समधलं काय कळतंय?" ताई म्हणाली. "चिमणीलाच बोलवायला हवं."

बुधवारी ती गप्प बसली होती. आता ती खोटं बोलली होती.

ती जिन्यानं खाली गेली, चिमणीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग दुसऱ्या इमारतीच्या दारावरच्या माणसाला फोन करून सांगितलं की तळघरात जाऊन बाईंना बोलवा. तो म्हणाला, जागा सोडता येत नाही, बदली माणूस आला की जातो. ताईनं स्वतः रस्ता ओलांडला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. ती खुर्चीत बसून राहिली. आपण का उठत नाही हे तिचं तिलाच सांगता येईना. चिमणीसमोर उभं राहायचं धाडस नव्हतं, एवढंच.

दहाला पाच कमी असताना चिमणी धावत आली. केसांवर तळघरातली धूळ. खुर्चीत न बसताच तिनं कीबोर्ड ओढला, दोनतीन गोष्टी बघितल्या आणि "अगं बाई!" म्हणून कपाळावर हात मारला. सॉफ्टवेअर थांबवलं, डिस्क जोडली, फाइलमध्ये ती ओळ लिहिली, सॉफ्टवेअर सुरू केलं. चार मिनिटं. वरून फोन आला, यादी दिसतेय.

तिकडे डॉक्टर तोवर तिसऱ्या रुग्णापर्यंत पोचले होते. आजोबांचा नंबर शेवटी लागला. त्यांना मधे धाप लागली म्हणून ऑक्सिजन लावावा लागला होता. दुपारपर्यंत ते बरे झाले, चहा मागू लागले, हे नंतर सिस्टरांनी सांगितलं.

बाराला साहेबांनी दोघींना बोलावलं.

"कुणाची चूक?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"माझी," चिमणी म्हणाली. "डिस्कची ओळ लिहायची राहिली. सर्व्हर एकदा बंद-चालू करून बघायला हवा होता, तेही केलं नाही. पूर्ण माझी."

तिनं एकही सबब पुढे केली नाही. ताई शेजारी उभी होती. आणि त्या घटकेलाही, लाज वाटायच्या जागी, तिला हेवाच वाटला. मला असं सरळ म्हणता आलं असतं का, असा.

"माणसांचा जीव आहे हो हा," साहेब म्हणाले. आणि मग, "ताई, तुमच्या सर्व्हरला काही त्रास?"

"नाही साहेब. व्यवस्थित सुरू झाला."

"हं. आता तीन आठवडे थांबायला नको, सोमवारीच ठरवू. पण आता ठरवण्यासारखं फारसं काही उरलंय असं वाटत नाही."

म्हणजे ताई जिंकली होती.

चिमणी दुपारभर आपल्या पडद्यासमोर बसून होती. रुग्णांची माहिती म्हणून तिनं त्या सर्व्हरवर कोण कधी आलं, कुठली फाइल उघडली, हे सगळं टिपून ठेवायची सोय केली होती. चूक कुठल्या क्षणी झाली ते शोधण्यासाठी ती आता त्या नोंदी वाचत होती. साडेतीनच्या सुमारास तिची बोटं थांबली. तिनं मान वळवून ताईकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे वळली. पाचला उठली आणि 'येते ताई' न म्हणता गेली.

रविवारी ताईला आईकडे जायचं नव्हतं, पण न जाणं म्हणजे विचारणा. ती गेली. जेवणं झाली, भाऊ बाहेर आईबरोबर बोलत बसला. स्वयंपाकघरात चिमणी भांडी धूत होती, ताई पुसत होती.

"बुधवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही ती फाइल उघडलीत," चिमणी ताटलीवरून हात न काढता म्हणाली. "दोनदा उघडलीत. मग डिस्क जोडलेली आहे का ते बघितलंत."

"कुठली फाइल?"

"ताई."

नळ चालू होता. चिमणीनं तो बंद केला.

"मला आधी वाटलं, तुम्हाला कळलं नसेल. पण डिस्क बघायची आज्ञा तुम्ही त्यानंतर दिलीत. कळल्याशिवाय कुणी ती देत नाही." पदराला पुसावेत तसे तिनं ओले हात कुडत्याला पुसले. "तुम्हाला लिनक्स येतं हे मला माहीतच नव्हतं."

ताईच्या हातातली ताटली केव्हाच कोरडी झाली होती. ती पुसतच राहिली. "मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाचवायला नाही!" चिमणीचा आवाज पहिल्यांदाच चढला, मग बाहेर आई आहे हे आठवून खाली आला. "ओळ मी विसरले. ते माझंच आहे, ते दुसऱ्यावर ढकलायचं नव्हतं. पण ते आजोबा पावणेदोन तास बाकावर बसले ना, ते मी त्यांना बसवलं नाही ताई. मला माहीत असतं तर मी चार मिनिटांत उठवलं असतं. तुम्हाला माहीत होतं."

ताईनं ताटली मांडणीवर ठेवली.

"मी काय केलंय तुमचं?" चिमणीनं विचारलं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

ताईनं उत्तर शोधलं. सहा महिन्यांत मनात रचलेली यादी होती, प्रिंटर, डेटाची प्रत, आईच्या गोळीची घंटा. त्यातलं एकही तोंडावाटे काढण्याजोगं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "तू काहीच केलं नाहीस. मला बघवत नव्हतं, इतकंच."

बाहेरून आईनं हाक मारली. "चिमणे, जरा माझा फोन बघ गं!"

चिमणी हलली नाही. "ताईंना पाठवते," ती मोठ्यानं म्हणाली आणि मागच्या दारानं अंगणात निघून गेली.

सोमवारी साहेब येण्याआधीच ताई त्यांच्या खोलीबाहेर उभी होती. आत जाऊन तिनं सगळं सांगितलं, बुधवारची फाइल, गुरुवारची टाळाटाळ, वॉर्डात सिस्टरांना दिलेलं उत्तर. मधे थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. 'मला वाटलं', 'बहुधा' असे टेकू तिनं लावले नाहीत. त्या बाबतीत तिनं शुक्रवारी चिमणीकडून धडा घेतला होता.

साहेबांनी टेबलावरचा कागद बाजूला सरकवला. तो कागद विंडोजच्या मंजुरीचा होता, सही तेवढी बाकी.

"चौदा वर्षं, ताई," ते म्हणाले. "चुकीला मी कधी घाबरलो नाही. चूक सगळ्यांकडून होते. पण दिसलेली चूक लपवणारा माणूस सर्व्हरच्या खोलीत असला, तर मी रात्री झोपू कसा?"

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणून चालत नाही हो! आता काय करू तुमचं, ते सांगा."

शेवटी त्यांनीच ठरवलं. तिच्या नावानं लेखी ताकीद निघाली. मुख्य सर्व्हर लिनक्सवर, चिमणीकडे. मात्र सर्व्हर दोनदा बंद-चालू करून दाखवल्याशिवाय त्यावर एकही रुग्ण नोंदवायचा नाही. ताईचा विंडोजचा सर्व्हर राखीव म्हणून दुसऱ्या इमारतीत हलवला. ताईही तिकडेच. गार खोलीच्या किल्ल्या तिनं त्याच दिवशी चिमणीच्या टेबलावर ठेवल्या. चिमणीनं त्या मोजून घेतल्या आणि वहीत सही घेतली.

डायलिसिसच्या वॉर्डात जाऊन ताईनं मोठ्या सिस्टरांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "आजोबांचा वार मंगळवार आणि शुक्रवार असतो." मंगळवारी ताई गेली. आजोबांना तिचं नीट काही उमगलं नाही. कुणीतरी कार्यालयातली बाई उशीर झाल्याबद्दल माफी मागतेय असं त्यांना वाटलं. "चालायचंच," ते म्हणाले आणि तिलाच बसायला सांगितलं. ती अर्धा तास बसली.

घरी आईला कुणी काही सांगितलं नाही. रविवारी ताई जायची. चिमणी 'या' म्हणायची, वाढायची आणि आपल्या खोलीत जायची. आईचं कौतुक चालूच होतं. ताईला ते आजही टोचायचं. हेवा काही एका माफीनं जात नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. फक्त आता तो आला की ती त्याला ओळखायची आणि तोंड उघडायच्या आधी एक घोट पाणी प्यायची.

सहा आठवड्यांनी चिमणीला दुसऱ्या इमारतीत यावं लागलं. दोन्ही सर्व्हरवर लक्ष ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम ताईच्या राखीव सर्व्हरवरही बसवायचा होता. तिनं खुर्ची ओढली, ताईच्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून. ताई टाइप करत होती, चिमणी कागदावरून वाचून दाखवत होती. खातं. मार्ग. पोर्ट.

तिसऱ्या पायरीला इन्स्टॉलेशन अडलं. चिमणीनं कागद पुन्हा वाचला. "पोर्ट बरोबर आहे. मीच ठरवलाय."

"तुझा बरोबर असेल," ताई म्हणाली. "पण या सर्व्हरवर तो आधीच कुणीतरी अडवून बसलंय."

"कोण?"

ताईनं यादी उघडली, बोट खाली खाली नेलं आणि थांबली. अहवाल छापायचा तिचाच एक जुना प्रोग्रॅम, गेली आठ वर्षं ती वापरत आलेला, इकडे आल्यावर सवयीनं तिनंच याही सर्व्हरवर बसवलेला.

"मीच," ती म्हणाली.

चिमणीला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. "मग आता? मी दुसरा पोर्ट घेऊ?"

"नको. तुझा कागद सगळीकडे एकसारखा राहू दे. मी माझा हलवते." ताईनं सेटिंग उघडलं. "दहा मिनिटं लागतील. आणि मग सर्व्हर बंद-चालू करून बघू. दोनदा."

"दोनदा," चिमणी म्हणाली, आणि कागदावर वेळ लिहून घेतली.